बंदूक-खरेदीदाराची पूर्वतपासणी (अमेरिका)

बंदूक, रायफल किंवा पिस्तूल ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी ते बाळगण्यास त्याला कायद्याने मनाई आहे काय, हे सरकारी नोंदींवरून पाहण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३० नोव्हेंबर १९९३ रोजी मंजूर झालेल्या ब्रेडी अधिनियमाने ती परवानाधारक विक्रेत्यांवर बंधनकारक केली. बंदुकीने होणारे मृत्यू कमी करण्याच्या उपायांत तिला सर्वांत व्यापक लोकमान्यता आहे. संघराज्याच्या पातळीवर ती पुरेशी बळकट करणे मात्र तीस वर्षांत साधलेले नाही.

भारतातील चारित्र्य पडताळणीशी या पद्धतीचे साम्य नावापुरतेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार येथे आधी माणसाला परवाना मिळतो, तोही पोलीस ठाण्याचा अहवाल आल्यावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडून. बंदूक त्यानंतर येते. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात खरेदीदाराला असा परवाना लागत नाही. शस्त्र बाळगणे हा मूलतः हक्क मानलेला असून, विशिष्ट माणूस त्या हक्काला मुकला आहे काय एवढाच प्रश्न दुकानात, प्रत्येक खरेदीच्या वेळी, विचारला जातो. पुढील बहुतेक वादांचे मूळ या फरकात सापडते.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याबद्दल एकमत नाही. संघराज्याचा कायदा डोळ्यांपुढे ठेवणारे लेखक १९६८ पासून सुरुवात करतात. राज्यांचे कायदे अभ्यासणारे न्यूयॉर्कच्या १९११ च्या सलिव्हन कायद्यापर्यंत मागे जातात. लपवून नेता येईल असे पिस्तूल बाळगण्यासाठी त्या कायद्याने परवाना आवश्यक केला. उत्तर कॅरोलायनात १९१९ पासून, मिझूरीत १९२१ पासून आणि मिशिगनमध्ये १९२७ पासून पिस्तूल घेण्याआधी स्थानिक अधिकाऱ्याची, बहुधा काउंटीच्या शेरीफची, परवानगी घ्यावी लागे. संगणक नव्हते, शेरीफची माणसांची ओळख आणि गावातली चौकशी हीच तपासणी होती.

उत्तर कॅरोलायनात अर्जदाराचे ‘नैतिक चारित्र्य’ चांगले असावे अशी अट होती. ती इतकी सैल होती की शेरीफला नको असलेला माणूस सहज बाद करता येई. कृष्णवर्णीयांना शस्त्रांपासून दूर ठेवणे हाच अशा कायद्यांचा मूळ हेतू होता, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते शहरांतील वाढती गुन्हेगारी आणि स्वस्त पिस्तुलांचा सुळसुळाट यांना दिलेले ते देशव्यापी उत्तर होते. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांविषयीचा, विशेषतः इटालियनांविषयीचा, संशयही कारण म्हणून सांगितला जातो. दक्षिणेकडील राज्यांत या अटीचा पक्षपाती वापर झाला हे नाकारता येत नाही. तरीही उत्तरेकडील औद्योगिक राज्यांनी त्याच सुमारास तशाच तरतुदी केल्या हे पाहता, सगळ्या परवाना-कायद्यांचा उगम एकाच वंशद्वेषात शोधणे पटण्यासारखे नाही. हा वाद केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. मार्च २०२३ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून हा परवाना रद्द केला, तेव्हा रद्द करण्याच्या बाजूने हेच कारण पुढे आले होते.

संघराज्याने १९३८ च्या कायद्याने विक्रेत्यांना वार्षिक १ डॉलर शुल्काचा परवाना लावला आणि हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना विक्री करण्यास मनाई केली. परंतु विक्रेत्याला ग्राहकाचा पूर्वेतिहास ठाऊक असेल, किंवा ठाऊक असावा असे सबळ कारण असेल, तरच तो दोषी ठरे. साहजिकच विचारण्याच्या फंदात कोणी पडत नसे. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने, टपालाने, सुमारे २० डॉलरला मागवलेली होती. १९६८ मध्ये एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालाने होणारी आंतरराज्य विक्री बंद झाली, मनाई असलेल्यांचे वर्ग विस्तारले आणि खरेदीदाराने भरून द्यायचा अर्ज आला. आजही वापरात असलेला अर्ज क्रमांक ४४७३ याच कायद्यातून निघाला. मी गुन्हेगार नाही, फरारी नाही, व्यसनी नाही असे लिहून सही केली की काम झाले. खरेखोटे पाहण्याची सोय कायद्यात नव्हती. ही उणीव पंचवीस वर्षे तशीच राहिली.

ब्रेडी अधिनियम : ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या गोळीबारात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. हल्लेखोर जॉन हिंकली याने ते रिव्हॉल्व्हर डॅलसमधील तारण-व्यवहाराच्या दुकानातून घेतले होते व अर्जात खोटा पत्ता दिला होता. पूर्वतपासणीने तो खरोखर अडला असता काय, हा प्रश्न तेव्हापासून चघळला जातो. त्याच्या नावावर तोवर मनाई लागू होण्याजोगी दोषसिद्धी नव्हती, म्हणून तो सुटलाच असता असा आक्षेप आहे. चौकशीला काही दिवस मिळाले असते तर पत्त्याचा खोटेपणा उघड झाला असता, हे समर्थकांचे उत्तर. दुसरे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते, पण ते प्रतीक्षाकाळाच्या बाजूने बोलते. केवळ नोंदी चाळण्याच्या बाजूने नव्हे. जेम्स यांच्या पत्नी सारा ब्रेडी यांनी हा लढा चिकाटीने चालवला. १९८७ मध्ये मांडलेले विधेयक अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीपर्यंत यायला सहा वर्षे लागली.

२८ फेब्रुवारी १९९४ पासून पिस्तुलांसाठी कमाल पाच दिवसांचा प्रतीक्षाकाळ आणि स्थानिक पोलीस प्रमुखाकडून तपासणी सुरू झाली. माँटॅना व ॲरिझोनातील दोन शेरीफांनी याला आव्हान दिले. प्रिंट्झ खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असे ठरवले की संघराज्याला राज्यांचे अधिकारी आपल्या कामाला जुंपता येत नाहीत. कायद्यातच ठरल्याप्रमाणे ३० नोव्हेंबर १९९८ रोजी राष्ट्रीय तत्काळ गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणी प्रणाली, संक्षेपाने ‘निक्स’, कार्यान्वित झाली आणि संघराज्यीय प्रतीक्षाकाळ संपुष्टात आला. तपासणी आता लांब नळीच्या बंदुकांनाही लागू झाली.

कार्यपद्धती : निक्सचे केंद्र पश्चिम व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे असून ते एफबीआय चालवते, काही राज्ये तपासणी स्वतः करतात. दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून ग्राहकाचे तपशील कळवतो. तीन नोंदसंचांत शोध घेतला जातो : फरारी व संरक्षण-आदेशांची राष्ट्रीय नोंद, राज्याराज्यांतील गुन्हेगारी इतिहासाची सूची आणि निक्सची स्वतःची मनाई-यादी. ‘पुढे जा’, ‘थांबा’ किंवा ‘नकार’ असे उत्तर मिळते. बहुतेकदा काही मिनिटांत. एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यातील दोषी, फरारी, अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारे, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेले, सैन्यातून बेअब्रूने काढलेले आणि घरगुती हिंसाचारातील दोषी (१९९६ पासून किरकोळ गुन्हा असला तरीही) हे मनाईचे प्रमुख वर्ग आहेत. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तींनाही १९९८ पासून मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. तेथे शिकणाऱ्या किंवा एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या मराठी माणसांना हा नियम लागू पडतो. ग्रीन कार्डधारकांना तो लागू नाही.

मंजूर व्यवहाराची माहिती २४ तासांत नष्ट करावी लागते. बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करण्यास १९८६ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ती बंदूक पुढे कोणाकडे गेली हे निक्सला कळत नाही.

नोंदींतील उणिवा : तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटन येथील चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी नऊ कृष्णवर्णीय भाविकांना ठार करणाऱ्याला पिस्तूल असेच मिळाले. त्याच्या अमली पदार्थ प्रकरणाची कागदपत्रे कोणत्या पोलिसांकडे आहेत हे चुकीच्या नोंदीमुळे मुदतीत सापडले नाही, आणि एफबीआयच्या संचालकांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचे बळी घेणाऱ्या विद्यार्थ्याला न्यायालयाने २००५ मध्येच स्वतःला धोकादायक ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. ती नोंद निक्सपर्यंत पोहोचलीच नाही. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. या घटनेनंतर जानेवारी २००८ मध्ये, आणि टेक्ससमधील सदरलंड स्प्रिंग्ज चर्चच्या हत्याकांडानंतर मार्च २०१८ मध्ये, नोंदी पाठवण्यासंबंधीचे कायदे झाले. टेक्ससच्या प्रकरणात हवाई दलाने आपल्याच माजी सैनिकाची घरगुती हिंसाचाराची शिक्षा कळवलेली नव्हती. प्रत्येक वेळी दुरुस्ती मृतदेह मोजून झाल्यावर आली, हे नमूद करणे भाग आहे.

नकारानंतरची कारवाईही तोकडी आहे. २०१७ च्या आर्थिक वर्षात संघराज्यीय तपासण्यांतून सुमारे १,१२,००० व्यवहार नाकारले गेले. त्यांपैकी सुमारे १२,७०० प्रकरणे पुढील चौकशीला गेली आणि संघराज्याच्या वकिलांनी खटले चालवले १२.

खाजगी विक्री आणि ४० टक्क्यांचा वाद : ब्रेडी अधिनियम परवानाधारक विक्रेत्यापुरता आहे. स्वतःजवळची बंदूक अधूनमधून विकणाऱ्या सामान्य नागरिकाला संघराज्यीय कायद्याने तपासणी करावी लागत नाही. याला ‘गन शोची (बंदूक-प्रदर्शनाची) पळवाट’ म्हणतात, पण ते नाव दिशाभूल करणारे आहे. प्रदर्शनातील परवानाधारकाला तपासणी करावीच लागते, आणि परवाना नसलेल्या विक्रेत्याने प्रदर्शनात, घरी वा जाहिरातीतून कुठेही बंदूक विकली तरी तो मोकळाच असतो. २०१६ मध्ये कैद्यांच्या पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या किंवा चोरट्या बाजारातून मिळवल्याचे सांगितले. गन शोमधून मिळवणारे १ टक्काही नव्हते.

तपासणीविना किती बंदुका हस्तांतरित होतात? अनेक वर्षे ४० टक्के हा आकडा भाषणांत फिरत होता. त्याचे मूळ १९९४ च्या दूरध्वनी पाहणीत आहे. फिलिप कुक व जेन्स लुडविग यांनी तिचे विश्लेषण केले, तेव्हा लगतच्या दोन वर्षांत बंदूक मिळवलेले उत्तरदाते जेमतेम २५१ होते. त्यांना तपासणी झाली काय असे विचारलेलेच नव्हते. विक्रेता परवानाधारक वाटला काय, यावरून अनुमान काढलेले होते. शिवाय भेट आणि वारसा यांचाही हिशेब त्यात धरलेला होता. केवळ खरेदी पाहिली तर प्रमाण बरेच खाली येते. बराचसा काळ ब्रेडी अधिनियम लागू होण्यापूर्वीचा होता, ही आणखी एक अडचण. २०१५ मध्ये मॅथ्यू मिलर आणि सहकाऱ्यांनी थेट प्रश्न विचारून केलेल्या पाहणीत हे प्रमाण २२ टक्के आले. ही पाहणी अधिक विश्वसनीय असल्याने संदर्भासाठी तिचाच आकडा घ्यावा. तोही लहान नाही : दर पाचांमागे एकाहून अधिक.

परिणामांविषयीचे संशोधन : लुडविग आणि कुक यांनी २००० मध्ये ब्रेडी अधिनियम नव्याने लागू झालेल्या ३२ राज्यांची, आधीपासून तत्सम कायदे असलेल्या १८ राज्यांशी तुलना केली. हत्यांच्या प्रमाणात स्पष्ट घट दिसली नाही. ५५ वर्षांवरील लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र कमी झाल्या. कॅलिफोर्नियाने १९९१ मध्ये खाजगी विक्रीलाही तपासणी लावली, तेथेही २०१८ च्या अभ्यासात पहिल्या दहा वर्षांत निव्वळ फरक आढळला नाही. याउलट कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल खरेदीसाठी परवाना बंधनकारक केल्यावर बंदुकीने होणाऱ्या हत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला, आणि मिझूरीने २००७ मध्ये आपला जुना परवाना रद्द केल्यावर त्या वाढल्याचे डॅनियल वेब्स्टर यांनी दाखवले. मोजक्या राज्यांवरून काढलेले हे निष्कर्ष आहेत, म्हणून ते जपून वापरावेत. तरीही कल एका दिशेला आहे. काउंटरवरच्या झटपट तपासणीपेक्षा आधी अर्ज, बोटांचे ठसे व परवाना ही पद्धत अधिक प्रभावी दिसते. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावाने बंदूक विकत घेणाऱ्याला पोलिसांसमोर स्वतः उभे राहणे जड जाते, हे त्याचे एक संभाव्य कारण. २०२१ मध्ये बंदुकीमुळे झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. अशा वेळी हातात बंदूक येण्यापूर्वी मिळणारा अवधीच जीव वाचवू शकतो, आणि चर्चेत या बाजूकडे फार दुर्लक्ष होते.

अलीकडील घडामोडी : सँडी हुक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुले व ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर मँचिन-टूमी दुरुस्तीने प्रदर्शने व आंतरजालावरील विक्रीला तपासणी लावण्याचा प्रयत्न केला. १७ एप्रिल २०१३ रोजी तिला सिनेटमध्ये ५४ मते मिळाली. आवश्यक होती ६०. प्रतिनिधिगृहाने सार्वत्रिक तपासणीचे विधेयक २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केले, सिनेटमध्ये ते अडले. कोलोरॅडो (२०१३), वॉशिंग्टन (२०१४, सार्वमताने), व्हर्जिनिया (२०२०) अशा राज्यांनी आपापले कायदे केले. नेव्हाडात २०१६ चे सार्वमत निसटत्या बहुमताने जिंकले गेले, पण खाजगी विक्रीची तपासणी करण्यास एफबीआयने नकार दिल्याने ते कागदावरच राहिले. २०१९ मध्ये नवा कायदा करावा लागला. युव्हाल्डीच्या शाळेतील हत्याकांडानंतर २५ जून २०२२ रोजी संमत झालेल्या कायद्याने २१ वर्षांखालील खरेदीदारांच्या बालवयीन नोंदी पाहण्यासाठी दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत अवधी दिला आणि ‘विक्रीचा व्यवसाय’ याची व्याख्या विस्तारली.

घटनात्मक बाजूने हेलर निकालात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य करतानाच व्यापारी विक्रीवरील अटी सकृद्दर्शनी वैध असल्याचे म्हटले. ब्रुएन निकालाने (२०२२) शस्त्रांवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत अशी कसोटी आणली. रहीमी निकालात (२०२४) घरगुती हिंसाचाराच्या आदेशाखालील व्यक्तीवरची मनाई ८ विरुद्ध १ मतांनी टिकली. सुटे भाग जोडून घरी तयार होणाऱ्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांच्या संचांना तपासणी लावणारा २०२२ चा नियम न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला.