शार-पे कुत्र्यांच्या पापण्यांची शस्त्रक्रिया

चेहऱ्यावर घड्याच घड्या असलेल्या कुत्र्यांत पापणीची कड डोळ्याच्या दिशेने आत वळते आणि तिच्यावरचे केस डोळ्याला घासू लागतात. ही कड पुन्हा जागेवर आणण्यासाठी पशुवैद्य ज्या शस्त्रक्रिया करतात, त्यांची ही नोंद आहे. पापणी आत वळण्याच्या या विकाराला एन्ट्रोपियन म्हणतात. तो अनेक जातींत आढळतो, पण शार-पे या चिनी जातीत त्याचे प्रमाण इतके आहे की कधीकधी एका वेतातल्या बहुतेक पिल्लांचे डोळे उघडताक्षणीच टाके घालावे लागतात.

शार-पे मूळचा दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचा. नावाचा अर्थ ‘वाळूसारखी कातडी’ असा असून तो सुरकुत्यांना उद्देशून नाही, खरखरीत केसांना उद्देशून आहे. शेतावरची राखण, शिकार आणि झुंजी ही त्याची जुनी कामे. कम्युनिस्ट राजवटीत चीनमधली कुत्री झपाट्याने कमी झाली. 1973 मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ या श्वानपालकाने एका अमेरिकी नियतकालिकातून ही जात वाचवण्याचे आवाहन केले आणि मूठभर कुत्री अमेरिकेत पोहोचली. जात वाचली, पण चेहरा बदलला. तिथल्या हौशी लोकांना भावली ती पिल्लांची घडीदार कातडी आणि फुगीर, मांसल थोबाड. पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच निवड होत गेली. पुढे डॉक्टरांच्या टेबलावर जे येते, त्याचे मूळ या निवडीत आहे.

या कातडीचे रहस्य 2011 मध्ये उलगडले. एचएएस2 या जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा शार-पेमध्ये दुप्पट किंवा अनेकपट झालेला असतो. त्यामुळे त्वचेत हायल्युरॉनिक आम्ल प्रमाणाबाहेर तयार होते आणि ते पाणी धरून ठेवते. म्हणूनच ही कातडी नुसती सैल नसते, ती जाड, जड आणि आतून बुळबुळीत असते. तिला छेद दिला की तार सुटणारा चिकट स्राव पाझरतो. याच तुकड्याच्या प्रती जितक्या जास्त, तितका ‘शार-पे ताप’ या आनुवंशिक आजाराचा धोकाही वाढतो.

कपाळावरच्या घड्यांचा भार वरच्या पापणीवर येतो. शिवाय मांसल चेहऱ्यात डोळे खोल बसलेले असल्याने पापणीला आतून पुरेसा आधार मिळत नाही. शार-पेचे केस आखूड आणि ताठ, म्हणजे डोळ्यावर ब्रश फिरावा तसा प्रकार. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, ओरखडे पडतात. डोळा दुखला की कुत्रा तो घट्ट मिटतो आणि डोळ्याचा गोळा खोबणीत मागे ओढतो. त्याने पापणी आणखी आत वळते आणि केस आणखी घासतात. सतत वाहणारे डोळे, चिपडे, उजेड सहन न होणे, पंजाने डोळा चोळणे ही लक्षणे दिसत असतानाही ‘याची नजरच अशी झोपाळू आहे’ म्हणून मालक गाफील राहतात. दुर्लक्ष झाल्यास कॉर्नियावर व्रण होतो, डाग राहतो, क्वचित छिद्र पडून डोळा जातो.

तपासणीत एक छोटी पण निर्णायक पायरी असते. डोळ्यात भूल देणारा थेंब टाकून काही मिनिटे थांबायचे. वेदना शमली की केवळ आचक्यामुळे, म्हणजे दुखण्याने स्नायू आवळल्यामुळे, वळलेला भाग सरळ होतो. त्यानंतरही जे वळण उरते ते पापणीच्या घडणीतले. कातडी किती कापायची हा अंदाज कुत्रा जागा असतानाच बांधावा लागतो, कारण पूर्ण भुलेखाली स्नायू ढिले पडतात, डोळ्याच्या गोळ्याची जागा बदलते आणि पापणीचे खरे वळण दिसेनासे होते. फ्लुओरेसीन हा रंग घालून व्रण आहे का तेही पाहतात. व्रण असेल तेथे कॉर्निया हिरवा चमकतो.

पिल्लांत कापाकापी करत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाचा चेहरा अजून वाढायचा असतो. आज नेमके मापून कापले, तरी उद्या डोके मोठे झाल्यावर माप चुकते आणि पापणी बाहेर लोंबू लागते. म्हणून तात्पुरते टाके घालतात. टाक्याची एक बाजू पापणीच्या कडेजवळ, दुसरी खोबणीच्या हाडावरच्या कातडीत घेऊन कड बाहेर ओढली जाते आणि गाठ डोळ्यापासून दूर ठेवतात. टाके साधारण दोन ते चार आठवडे राहतात, सैल झाले तर पुन्हा घालतात. कातडी कापलेली नसल्याने यात गमावण्यासारखे फारसे नसते. घासणे थांबले की दुखणे थांबते, आचका सुटतो आणि काही पिल्लांना पुढे मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही.

कायमची शस्त्रक्रिया शक्यतो वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे वर्षाच्या आसपास करतात. सर्वांत रूढ पद्धत हॉट्झ-सेल्सस. तिच्या नावातला सेल्सस हा पहिल्या शतकातला रोमन वैद्यकलेखक, म्हणजे कल्पना मुळात माणसांच्या पापण्यांसाठीची. पापणीच्या कडेला समांतर, तिच्यापासून सुमारे दोन मिलिमीटर अंतरावर पहिला छेद घेतात. खाली दुसरा वक्र छेद घेऊन चंद्रकोरीच्या आकाराची कातडी काढतात, गरजेनुसार खालच्या वर्तुळाकार स्नायूची पट्टीही. पहिला टाका मध्यभागी घालून मग दोन्ही बाजूंना बारीक धाग्याने टाके घेत जातात. जखम मिटते तशी कड बाहेर वळते. येथे कसब कापण्यात नाही, कमी कापण्यात आहे. थोडे कमी पडले तर पुन्हा करता येते. जास्त निघाले तर पापणी उलटी लोंबते आणि ते दुरुस्त करणे फार अवघड. जखम भरताना कातडी आकसते, त्यामुळे अंतिम निकाल काही आठवड्यांनीच कळतो.

वरच्या पापणीचे सगळे केस डोळ्यावर लोंबत असतील तर हॉट्झ-सेल्सस पुरत नाही. नेदरलँड्समधील पशुवैद्य फ्रान्स स्टाडेस यांच्या पद्धतीत वरच्या पापणीवरून केसाळ कातडीची रुंद पट्टी काढतात आणि कडेलगतचा काही मिलिमीटरचा भाग मुद्दाम उघडा ठेवतात. तो आपोआप भरून येतो, पण व्रणावर केस उगवत नाहीत. जखम दिसायला भयंकर, परिणाम मात्र चांगला. कपाळाचे ओझेच फार असेल तर डोक्यावरची जादा कातडी काढून घड्या वर ओढतात किंवा भुवईखालून न विरघळणारा धागा वा पट्टी नेऊन ती डोक्याच्या ऊतींना टांगतात.

सगळ्या सुरकुतलेल्या कुत्र्यांची दुखणी एकसारखी नसतात. ब्लडहाउंड, निआपोलिटन मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड यांच्यात पापण्यांची फटच जरुरीपेक्षा लांब असते. एका जागी पापणी आत, दुसऱ्या जागी बाहेर, अशी चौकटच्या पानासारखी फट दिसते. तेथे नुसती कातडी काढून भागत नाही, फट आखूड करावी लागते. पगमध्ये खालची पापणी नाकाकडच्या टोकाला आत वळते आणि नाकावरची घडीही डोळ्याला टेकते. त्यात आतला कोपरा शिवून फट लहान करतात. महाराष्ट्रात शार-पे क्वचितच दिसतो, पण 2003 च्या सुमारास हच मोबाइलच्या जाहिरातीमुळे पग घराघरांत पोहोचला. त्यामुळे मराठी पशुपालकाची या विषयाशी गाठ पडते ती बहुधा पगमुळेच.

शस्त्रक्रियेनंतर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर अपरिहार्य, कारण एकदा पंजा लागला तरी टाके तुटतात. सोबत मलम, वेदनाशामक आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी टाके काढणे. कॉर्नियावर व्रण असताना स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. घरात उरलेली जुनी बाटली म्हणूनच धोक्याची.

शस्त्रक्रियेने पापणी सुधारते, जनुके नाहीत. असा कुत्रा पैदाशीसाठी वापरू नये असे पशुवैद्य सांगतात. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांनुसार एन्ट्रोपियनची दुरुस्ती झालेला कुत्रा प्रदर्शनात भाग घेऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये 2012 पासून क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात शार-पेसह 15 जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासणी सुरू झाली. त्या वर्षी निआपोलिटन मॅस्टिफसह सहा जातींचे विजेते तपासणीत नापास झाले. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये जुन्या घाटाचा, उंच, कमी सुरकुत्यांचा शार-पे अजूनही काही लोक पाळतात. मोठेपणी त्याच्या घड्या मुख्यतः कपाळ, मान आणि शेपटीच्या मुळाशी उरतात.