चुन्याने धरून ठेवलेली चित्रं

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात केम्पली नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट मेरीज चर्चमधली चित्रं याच अभिक्रियेच्या जोरावर जवळपास 900 वर्षं टिकली आहेत.

चर्च अगदी लहान, दगडी. सभागृहाच्या छपराचं लाकूड ओकचं. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पावसापाण्याचं वर्ष असेल तर रुंद, नसेल तर अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळवून केम्पलीच्या छपराचा काळ 1120 ते 1150 असा ठरला. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या लाकडी छपरांमध्ये त्याची गणना होते.

पण पाहावा तो वेदीकडचा गाभारा. कमानदार छतावर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, भोवती सूर्य, चंद्र, तारे, सात दीपस्तंभ. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मिळून बारा प्रेषित, आणि ते सगळे माना वर करून छताकडे पाहताहेत. खाली उभ्या शेतकऱ्याला वाचता येत नसे, पण या बारा जणांची नजर त्याला आपसूक वर नेत असणार. चित्रकाराची ही युक्ती मला फार आवडते.

रंग साधे: गेरू, पिवळी माती, चुन्याचा पांढरा. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने पुष्कळ नाजूक रंग त्यात मरतात, माती मात्र टिकते. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गिलावा वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकतात. इथे डिंक नाही, सरस नाही. रंग भिंतीचाच भाग होऊन बसतो. सभागृहातली चित्रं सुक्या गिलाव्यावर काढलेली आहेत.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधल्या चर्चमधली चित्रं पुसण्याची लाट आली. केम्पलीत चित्रांवर चुन्याची सफेदी चढली, आणि तिनेच ती राखली. 1872मध्ये सफेदीखालून चित्रं बाहेर आली. ती पुन्हा खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर शेलॅकचं रोगण फासलं गेलं. शेलॅक म्हणजे आपली लाख, पळस-कुसुमाच्या फांद्यांवर कीटक तयार करतात ती. लाकडाला तिची छान झिलई येते. चुन्याच्या भिंतीवर मात्र ती काळवंडते, शिवाय ओल आतच कोंडून धरते. बाहेर पडू पाहणारी ओल मग पृष्ठभागच सोलून काढते. 1950च्या दशकात हे रोगण चिकाटीने काढावं लागलं.

अजिंठ्यातही हेच घडलं. तिथलं तंत्र वेगळं, मातीच्या सुक्या लेपावर सरसात कालवलेल्या रंगांचं. 1920च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन जाणकारांनी त्या चित्रांवर शेलॅक लावलं. ते पिवळं पडत गेलं, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थोडं थोडं करून उतरवावं लागलं.