वापरात नसलेल्या सरकारी मालमत्तेची विल्हेवाट (अमेरिका)

अमेरिकेच्या फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या ज्या इमारती, गोदामं, जमिनी रिकाम्या पडून आहेत किंवा नावापुरत्याच वापरात आहेत त्या दुसऱ्याच्या ताब्यात देण्याची ही प्रक्रिया. सरळ बोर्ड लावून विकून टाकायचं असा हा प्रकार नाहीये. १९४९ च्या कायद्याने जीएसए (जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन) ही सरकारी संस्था उभी राहिली, बऱ्याच खात्यांच्या मालमत्तेचं हे काम तीच बघते.

खात्याने आधी जागा नको म्हणून कळवायचं, मग बाकीच्या फेडरल खात्यांना विचारायचं, कोणालाच नको असेल तर ती सरप्लस म्हणजे सरकारच्या गरजेपेक्षा जास्तीची ठरते. त्यानंतर पहिला हक्क बेघरांसाठी काम करणाऱ्यांचा, हे १९८७ च्या मॅककिनी कायद्याने ठरवलंय. मग शाळा, बागा, दवाखाने अशा कामांना सवलतीत किंवा अगदी फुकटही देता येते, मग राज्य किंवा शहराशी बोलणी करून विक्री, आणि सगळ्यात शेवटी जाहीर लिलाव.

उशीर होतो म्हणून या क्रमाला दोष देणारे भरपूर आहेत पण ते बरोबर नाही, खरी गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर. जागा सोडायची म्हणजे ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामातला आरोग्याला घातक पदार्थ) काढा, जमिनीतलं प्रदूषण साफ करा, इमारत ऐतिहासिक असेल तर १९६६ च्या कायद्याप्रमाणे सल्लामसलत करा, हा खर्च बहुतेक वेळा खात्याच्याच बजेटमधून जातो आणि विक्रीचे पैसे परत त्यांनाच मिळतील असंही नसतं, मग कुलूप लावून ठेवणंच सोपं वाटतं आणि देखभाल, सिक्युरिटीचा खर्च वर्षानुवर्षं जनतेच्या पैशातून चालू राहतो. जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००३ मध्येच हा विषय हाय-रिस्क म्हणजे सरकारी कारभारातल्या जास्त जोखमीच्या विषयांच्या यादीत टाकला. २०२३ च्या तिच्या पाहणीत २४ पैकी १७ खात्यांची मुख्यालयं सरासरी २५ टक्के किंवा त्याहून कमीच वापरात होती. विक्रीला वेग यावा म्हणून २०१६ मध्ये वेगळा कायदा करून स्वतंत्र मंडळही नेमलं.

मनावर घेतलं तर काय होतं ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर दिसतं. १९९६ मध्ये कोस्ट गार्डने बेट सोडलं, २००३ मध्ये त्याचा मोठा भाग १ डॉलरला न्यूयॉर्कला मिळाला, आज तिथे सगळ्यांसाठी खुलं पार्क आहे. जुन्या दीपगृहांसाठी तर २००० चा स्वतंत्र कायदाच आहे, जपणूक करणाऱ्या संस्थांना ती फुकट मिळतात आणि कोणी पुढे आलं नाही तर लिलावात जातात.