स्टिअरिंगच्या चामड्याला खोबरेल चोळू नका

"चामडं सुकलंय, खोबरेल चोळा." रत्नागिरी असो की वेंगुर्ला, जुन्या गाडीवाल्याला हा सल्ला मिळतोच. वहाणांना तेल लावायची आपली सवय, त्यातूनच तो आला असावा. पण कोल्हापुरी वहाणेचं चामडं उघडं असतं. स्टिअरिंगच्या चामड्यावर बहुधा रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) पातळ थर असतो. तेल त्यातून मुरत नाही, वरच राहून धूळ धरतं. थर झिजलाय तिथे मात्र मुरतं, चामडं काळवंडतं आणि पुढे रंग बसत नाही. शिवाय आंबा घाटाच्या वळणावर चाक हातातून निसटलं तर? जिवाशी खेळ आहे हा.

स्टिअरिंगवरची चकाकी म्हणजे बहुतेकदा हाताचा घाम आणि मळ. तो लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा, अर्धं काम तिथेच होतं. सावलीत पूर्ण सुकवा (पावसाळ्यात हे काम काढूच नका, ओल राहिली की बुरशी आलीच). मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. लेदरचा रंग स्पंजने पातळ थरांत द्या, वर टॉप कोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर. शिवण उसवली असेल तर ती रंगाआधी शिवून घ्या.