पार्श्वभूमी: धरलेला बिबट्या सोडायचा तरी कुठं?

नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडं कुठंही बिबट्या दिसला (गावात सगळे वाघच म्हणतात) की पहिली मागणी पिंजऱ्याची आणि दुसरी "लांब नेऊन सोडा". मारूनच टाका म्हणणारे त्यामानानं कमी, निदान माणूस दगावेपर्यंत तरी.

इंग्रजांच्या काळात बिबट्या मारला की बक्षीस मिळायचं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. इकडं दारणा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस वाढत गेला आणि उसात लपायला जागा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या, सगळंच मिळतंय म्हटल्यावर मादी तिथंच पिल्लं द्यायला लागली.

खरा घोळ झाला तो पुणे जिल्ह्यात जुन्नरला. तिथं १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मग मोठी धरपकड करून २९ बिबटे सरासरी ३९ किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडले, आणि २००१ ते २००३ मध्ये हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली. तेव्हा मारण्यापेक्षा हे बरं असंच सगळ्यांना वाटलं असणार, मलाही वाटलं असतं. पण पिंजऱ्यात धडका देऊन दात-नखं मोडलेलं जनावर अनोळखी रानात उतरवलं की ते तिथं टिकेलच असं नाही, भटकत भटकत ते कुठल्या तरी नव्या वस्तीवर जातं, आणि इकडं त्याची रिकामी जागा दुसरा एखादा तरणा बिबट्या धरतो. म्हणजे ज्या गावानं पिंजरा मागितला त्याचीही सुटका नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका नराला ठावठिकाणा कळवणारी कॉलर (गळ्यातला पट्टा) लावून माळशेज घाटात सोडलं, तो साधारण १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या नॅशनल पार्ककडं पोचला!

आता कायद्यातला गुंता बघा. १९७२ च्याच कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनं असं घातलं की पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडं हलवणं जमतच नसेल तरच मारायची परवानगी द्यायची, आणि पकडलेलं जनावर रानात परत सोडता येत नसेल तरच कोंडून ठेवायचं. ऐकायला चांगलंच आहे, पण हलवायचं म्हणजे किती लांब, आणि रान म्हणजे कुठलं? पेपरात येतं, "नैसर्गिक अधिवासात मुक्त केले". अहो, जो उसात जन्मला, उसातच वाढला त्याचा नैसर्गिक अधिवास घाटातलं जंगल कसं काय? माझ्या मते सगळी गडबड या एका शब्दानं केली. २०११ मध्ये केंद्राच्या सूचना आल्या, धरून दुसरीकडं सोडणं हा पहिला उपाय नको म्हणून, पण ज्याच्या दारातून पोर उचलून नेलं त्याला हे कोण सांगणार, आणि रात्रीच्या लायटीवर पाणी भरायला जाणाऱ्यानं तरी काय करायचं, दिवसा वीज द्या म्हणून तो कधीचा ओरडतोय.

न हलवता काम होतं ते तोडणीच्या दिवसांत. कोयत्यापुढं पिल्लं निघाली की तोड थांबवतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच सरीत ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. रात्री मादी येते, वास घेते, क्रेट पंजानं कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून शेजारच्या उभ्या उसात घेऊन जाते.