परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यास: सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

बेळगावात टिळकवाडीला आमचा परकीय भाषांचा वर्ग आहे. तिथे चौकशीला येणारे अधिकारी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: कोणती भाषा घेऊ? आम्ही उलट विचारतो: तुम्हाला काम कुठल्या प्रदेशावर करायचंय? त्याचं उत्तर पक्कं असेल तर भाषा आपोआप ठरते. ते नसेल तर सहा महिन्यांत वही बंद होते, मग फी कितीही भरलेली असो.

हे पत्रक कॅम्पमध्ये किंवा सांबऱ्यात पोस्टिंगवर असलेल्या आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडे सुट्टीवर घरी येणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांसाठी आहे. ज्यांची मुलं एनडीए-सीडीएसच्या तयारीत आहेत, त्या पालकांनीही वाचायला हरकत नाही.

प्रदेश-अभ्यास म्हणजे नेमकं काय

एका भूभागाचा इतिहास, राजकारण, अर्थव्यवस्था, धर्म, समाज आणि सुरक्षा हे सगळं एकत्र शिकायचं आणि तिथली माणसं आपसात जे लिहितात-बोलतात ते त्यांच्याच भाषेत वाचायचं. श्रीलंकेचं उदाहरण घ्या. भारतीय शांतिसेना १९८७ ते १९९० तिथे होती. पण तिथल्या सिंहली-तमिळ संघर्षाची मुळं शोधायची तर १९५६च्या ‘फक्त सिंहली’ कायद्यापर्यंत मागे जावं लागतं. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण राज्यकारभाराची भाषा कोणती यावरून माणसं किती पेटतात हे सीमाभागातल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून समजावावं लागत नाही. ही समज अभ्यासाला उपयोगी पडते. मात्र आपला राग परक्या देशाच्या इतिहासावर लादू नये, एवढं भान ठेवावं लागतं.

अमेरिकेत यासाठी ‘फॉरेन एरिया ऑफिसर’ अशी वेगळी वाट आहे. तिचे तीन भाग: भाषा, त्या प्रदेशात राहून घेतलेलं प्रशिक्षण आणि पदव्युत्तर पदवी. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे या एकाच गावात सैन्याची भाषाशाळाही आहे आणि नौदलाची पदव्युत्तर संस्थाही. आपल्याकडे हे तुकडे विखुरलेले आहेत, म्हणून आधी नकाशा समजून घ्या.

आपल्या देशात काय कुठे मिळतं

भाषेसाठी पहिलं नाव दिल्लीच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसचं. १९४८ साली सुरू झालेली ही संस्था संरक्षण मंत्रालयाखाली चालते. प्रमाणपत्रापासून दुभाष्यापर्यंतचे अभ्यासक्रम तिथे आहेत. सिंहली, बर्मी, तिबेटी, पश्तो अशा भाषा खासगी वर्गात जवळपास मिळतच नाहीत, त्यांसाठी तिथेच जावं. पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरच्या केंद्रातही परकीय भाषा शिकवतात.

पदवीची बाजू वेगळी. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची (जेएनयू) पदवी मिळते, त्यामुळे एम.ए.चं दार उघडंच असतं. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात निवड झाली तर मद्रास विद्यापीठाची संरक्षण व सामरिक अभ्यासातली एम.एस्सी. करता येते, त्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. अभ्यासरजा मिळाली तर जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. १९५५ साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालेलं हे स्कूल १९७०मध्ये जेएनयूत आलं. पश्चिम आशिया, पूर्व आशिया, रशिया व मध्य आशिया अशी वेगवेगळी केंद्रं तिथे आहेत. एम.ए.च्या प्रवेशाला सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिक अभ्यासाचा विभाग आहे आणि परकीय भाषांसाठी रानडे इन्स्टिट्यूट. पोर्तुगीजसाठी गोवा विद्यापीठ बेळगावहून सर्वांत सोयीचं.

पोर्तुगीजचं नाव काढलं की लोक हसतात. हसू नये. २०२४मध्ये भारताने आफ्रिकेतल्या ज्या देशांत नव्याने डिफेन्स अटॅशे (दूतावासातले सैन्यदलांचे प्रतिनिधी) नेमायचं ठरवलं, त्यांत मोझांबिक आहे. तिथली राजभाषा पोर्तुगीज. त्याच यादीतल्या जिबुती आणि आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच चालते. काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेलेल्यांना फ्रेंचचं महत्त्व आम्ही सांगायची गरज नाही.

किती वेळ लागेल

इथे आम्ही गोड बोलत नाही. माँटेरेच्या शाळेत फ्रेंच-स्पॅनिश ३६ आठवड्यांची, रशियन-फारसी ४८ आठवड्यांची, चिनी-अरबी ६४ आठवड्यांची. तेही पूर्णवेळ. दिवसाला सहा तास आणि आठवड्याला पाच दिवस धरले, तर फ्रेंचला साधारण १,०८० तास होतात आणि चिनीला १,९२०. संध्याकाळचा गृहपाठ त्यात धरलेलाच नाही.

आता आमचा वर्ग पाहा. आठवड्यातून दोनदा दीड तास, म्हणजे वर्षाला दीडशे तास. या वेगाने फ्रेंचला सात वर्षं लागतील, चिनीला जवळपास तेरा. रोज घरी एक तास दिलात तर वर्षाचे पाचशेच्या वर तास होतात. मग फ्रेंच दोन वर्षांवर येते, चिनी चारच्या आत. म्हणजे खरा अभ्यास घरच्या तासात होतो. वर्ग तुम्हाला रुळावर ठेवतो आणि उच्चार बिघडू देत नाही. ‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशी जाहिरात कुठे दिसली तर हा हिशेब आठवा.

हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आखलेले आहेत आणि आपण काही ठिकाणी त्यांच्या पुढे आहोत. रशियनमध्ये तीन लिंगं आणि सहा विभक्ती ऐकून इंग्रजीवाला घाबरतो. मराठी माणसाला तीन लिंगं जन्मापासून पाठ असतात आणि नावाचं रूप बदलतं याचंही नवल वाटत नाही. रशियनमधला ‘त्स’ हा ध्वनी आपण ‘चांगला’ म्हणताना रोज काढतो. चिनीत रोमन लिपीतला ‘बी’ आपल्या ‘प’च्या जवळचा आणि ‘पी’ हा ‘फळ’मधल्या ‘फ’च्या जवळचा. हा फरक परदेशी विद्यार्थ्यांना महिनाभर छळतो, आपल्याला एका तासात कळतो. चिनीतले शब्दाचा अर्थ बदलणारे सूर मात्र आपल्यालाही तितकेच जड जातात, तिथे सूट नाही. घरी कोकणी बोलणाऱ्यांना पोर्तुगीजचे नाकातले स्वर लवकर जमतात. ज्यांचं कन्नड चांगलं आहे त्यांनी सिंहलीचा विचार जरूर करावा, कारण ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा भेद कानाला आधीच सवयीचा असतो. दिल्लीत शिकणाऱ्या इतर राज्यांतल्या मित्रांपेक्षा तुम्ही पहिल्या आठवड्यात तरी पुढे राहाल.

आम्ही काय करतो, काय करत नाही

आम्ही चारच भाषा शिकवतो: फ्रेंच, रशियन, चिनी, पोर्तुगीज. व्याकरण मराठीतून समजावतो, कारण मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीतलं व्याकरणाचं पुस्तक म्हणजे दुसरी परकीय भाषाच. आमचं उद्दिष्ट मर्यादित आहे. दिल्लीला किंवा विद्यापीठात जाण्याआधी तुम्ही साधं वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचू शकावं, एवढंच. फ्रेंचमध्ये युरोपीय मापाची ए-२ पातळी (सहांपैकी खालून दुसरी) दोनशे तासांच्या आसपास येते, तिथवर आम्ही नेतो. दुभाषा घडवणं आमच्या आवाक्यातलं नाही.

प्रबंधाचा विषय आखणं, वाचनाची यादी करणं, परकीय भाषेतले लेख समजून घेणं यात मदत करतो. प्रबंध लिहून देत नाही. विचारणा होते, म्हणून छापून ठेवलंय.

नाव घालण्याआधी युनिटची परवानगी घ्या. त्यासाठी अभ्यासक्रमाच्या तपशिलाचं पत्र आम्ही देतो. परदेशी सांस्कृतिक केंद्रात परीक्षेला बसायचं असेल तर तेही आधी वरिष्ठांच्या कानावर घाला. युनिटचे कागद, नकाशे, नेमणुकीचा तपशील वर्गात आणू नका. संभाषणाचा सराव बाजार, प्रवास, घरदार अशा विषयांवरच होतो. वर्गाचे फोटो आम्ही कुठेही टाकत नाही आणि विद्यार्थ्यांनीही टाकू नयेत.

फी महिन्याच्या महिन्याला घेतो, वर्षाची आगाऊ नाही. टीडी (तात्पुरती ड्युटी) किंवा एक्सरसाइजमुळे तास बुडाले तर पुढच्या तुकडीत बसून भरून काढता येतात. बदलीचा हुकूम आला तर उरलेला अभ्यास ऑनलाइन चालू ठेवता येतो, नको असेल तर त्या महिन्याची राहिलेली फी परत मिळते. अधिकाऱ्यांच्या पत्नींना किंवा पतींना त्याच तुकडीत बसायचं असेल तर दोघांनी मिळून यावं. घरात सराव करायला माणूस असलं की घरचा तास टळत नाही.

पहिला तास मोफत. येताना प्रदेश ठरवून या; दोन प्रदेशांत अडकला असाल तर दोन्ही सांगा, बोलून पाहू.