योशिवारा मुद्राचित्रे

जपानच्या एदो (आजचे टोकिओ) शहरातील योशिवारा या सरकारमान्य गणिकावस्तीचे जीवन दाखवणारी, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे. ती ‘उकियो-ए’, म्हणजे ‘तरंगत्या जगाची चित्रे’, या परंपरेत मोडतात. ‘उकियो’ हा शब्द मूळचा बौद्ध विचारातील दुःखमय संसाराचा वाचक होता. सतराव्या शतकातील नागर समाजाने उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि संसार क्षणभंगुर आहे, तर तो रसिकतेने भोगावा, असा अर्थ त्यात भरला.

१६१८ मध्ये सुरू झालेली ही वस्ती १६५७ च्या भीषण आगीनंतर असाकुसाच्या उत्तरेला भातखाचरांच्या मुलखात हलवण्यात आली. तिच्याभोवती खंदक होता आणि ये-जा एकाच मोठ्या दरवाजातून होई. गरीब घरांतील मुली कोवळ्या वयातच कर्जापोटी येथे करारबद्ध होत. वारस नसलेल्या अनेकींचे मृतदेह जवळच्या जोकान-जी मंदिरात पुरले गेले. चित्रांत मात्र दिसतो तो जरतारी किमोनो, केसांतील काट्यांची प्रभावळ आणि वसंतात मुख्य रस्त्यावर लावलेली चेरीची झाडे.

ही विसंगती समजण्यासाठी प्रकाशकाकडे पाहावे लागते. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ते चेरीच्या फळीवर कोरी, छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरी. पैसा आणि कल्पना मात्र प्रकाशकाची असे. योशिवारातच जन्मलेला प्रकाशक त्सुताया जुझाबुरो (१७५०–१७९७) वस्तीची मार्गदर्शक पुस्तिकाही छापत असे. त्यामुळे नामवंत गणिकांची चित्रे ही एका अर्थाने त्यांच्या गणिकागृहांची जाहिरातच होती, आणि त्यांच्या पोशाखांचे अनुकरण शहरभर होई.

सतराव्या शतकातील चित्रकार मोरोनोबूच्या काळातील एकरंगी छपाईनंतर १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबूच्या हातून बहुरंगी ‘निशिकी-ए’ आकाराला आली. तिचा कळस किटागावा उतामारोने (मृत्यू १८०६) गाठला. त्याच्या १७९४ च्या सुमाराच्या ‘योशिवारातील बारा प्रहर’ या मालिकेत जपानी कालगणनेतील बारा प्रहरांनुसार गणिकांचा दिवस उलगडतो. त्यातील मध्यरात्रीनंतरच्या ‘बैलाच्या प्रहरा’चे चित्र सर्वांत बोलके म्हणावे लागेल: अर्धवट झोपेतली एक स्त्री हातात पेटवलेला कागदाचा पीळ धरून पायांनी चपला चाचपते आहे. येथे जाहिरात मागे पडते आणि थकलेले माणूस समोर येते.

१७९० पासून छपाईपूर्वी परीक्षकाची मोहोर बंधनकारक झाली, तर १८४२ मध्ये चैनीला आळा घालणाऱ्या सरकारी ‘तेनपो सुधारणां’त गणिका व नटांच्या चित्रांवर बंदी आली; ती पुढे सैल पडली. १८५७ मध्ये चित्रकार हिरोशिगेने योशिवारातील एका खोलीचे चित्र काढले, पण त्यात स्त्री नाही. चटईवर केसांचे नवे काटे पडले आहेत, आणि गजांच्या खिडकीत बसलेले पांढरे मांजर शेतांपलीकडून जत्रेला चाललेली माणसांची रांग पाहत आहे.